अमावस्येची भरती

सावेडी, अहिल्यानगर
मंगळवार, ६ जानेवारी २०२६

तीर्थरूप अण्णांना जयमालाचा साष्टांग नमस्कार. आईलाही सांगा. मी बरी आहे, वेळेवर जेवते, खोकला गेला. ऊसतोडीच्या तळावर थंडी फार पडलीय असं कल्याण सांगत होता, म्हणून त्याच्या पिकअपमध्ये एक जाड पांघरूण आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली आहे. चटणीचा डबा परत पाठवा. मागच्या खेपेचा अजून तुमच्याच कोपीत आहे.

फोन असताना ही पोरगी कागद का पाठवते, असं तुम्हाला वाटेल. अण्णा, फोनवर तुम्ही "बरं हाय, ठिवतो" म्हणता आणि खरंच ठेवता. आपलं बोलणं मिनिटाच्या पुढं गेल्याचं मला आठवत नाही. पत्र असं मधेच ठेवता येत नाही. कल्याण ट्रॅक्टरचे सुटे भाग घेऊन दर बुधवारी आणि शनिवारी कारखान्यावर येतोच, तोच आता माझा पोस्टमन. तुम्ही पोथी वाचता तसं मोठ्यानं मात्र वाचू नका, शेजारच्या कोप्यांत ऐकू जातं.

आता बातमी. काल माझं जहाज निघालं.

हसू नका. माझं म्हणजे माझ्या बापाचं नव्हे, पण त्याची वाट मी आखली आहे. एकटीनं, पहिल्यांदाच. इंडोनेशियातून कोळसा भरून ते जयगडला यायला निघालं आहे, रत्नागिरीजवळ. एम. व्ही. रत्नप्रभा नाव त्याचं. आपल्या गावच्या शाळेपासून मारुतीच्या पारापर्यंत जेवढं अंतर, जवळजवळ तेवढं लांब. कालपासून माझे पाय जमिनीवर नाहीत आणि सांगायला माणूस नाही. रोहिणी शेजारी बसते, पण तिची स्वतःची चार जहाजं चालू असतात, तिला माझ्या एकाचं काय कौतुक.

ऑफिसात मी काय करते हे तुम्ही दोन वर्षांत विचारलं नाहीत. "कंपूटरवर हाय" एवढं तुम्ही टोळीत सांगता, असं आई म्हणते. तर ऐका. आमचे कॅप्टन जालिंदर औटी पारनेरकडचे. तीस वर्षं जहाजांवर होते, आता त्यांनी इथं गादीच्या दुकानावरचा मजला भाड्यानं घेऊन ऑफिस थाटलं आहे. जहाज कुठून कसं जायचं, कुठं वळायचं, कुठं उथळ आहे, कुठं वारा आडवा येईल, हे सगळं आम्ही इलेक्ट्रॉनिक नकाशावर आखतो आणि जहाजाला पाठवतो. जहाजावरचा अधिकारी ते आपल्या मशीनवर पुन्हा तपासतो, त्यांचा कॅप्टन सही करतो आणि मग ते निघतं. त्यानंतर रोज दुपारी बारा वाजता जहाज आम्हाला कळवतं, मी इथं आहे, इतकं चाललो. नकाशावर ते एक छोटा ठिपका होऊन सरकत असतं. वाट सोडून बाजूला गेलं तर जहाजावरचं मशीन बोंब मारतं. तुम्ही म्हणाल, ही तर उंटावरून शेळ्या हाकते. हाकते खरी. पण शेळी अजून एकही हरवलेली नाही.

पहिल्या दिवशीची माझी फजिती सांगते, म्हणजे तुम्ही आईला वाचून दाखवाल. कॅप्टनसाहेबांनी मला नकाशा उघडून दिला आणि म्हणाले, या बंदरातून त्या बंदरात रेघ मार. नकाशावर काही भाग निळा होता आणि काही पांढरा. मी आपली जिथं जिथं निळं दिसलं तिथून, काठाकाठानं, रेघ नेली. पांढऱ्याला शिवले नाही. पांढरं म्हणजे रखरखीत, पाणीच नसणार, आपल्या तालुक्यातल्या माळासारखं. साहेबांनी पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "जयमाला, तुझं जहाज पहिल्या तासात गाळात रुतलं." या नकाशात उथळ पाणी निळं दाखवतात, आणि खोल, मोकळा समुद्र पांढरा असतो. मग म्हणाले, "दुष्काळातलं माणूस निळ्याकडंच पळणार. मीपण पहिल्यांदा तेच केलं होतं." त्या दिवशी मला ते आवडले.

हे काम मला जमतं, अण्णा, आणि का जमतं ते मला ठाऊक आहे. फडापासून कारखान्यापर्यंत तुमची बैलगाडी नेहमी पहिली असायची. कुठल्या पुलाच्या अलीकडं थांबायचं, कुठल्या उतारावर गाडी आवरायची, कुठं पाणी दाखवायचं, हे तुम्ही निघण्याआधीच मनात ठरवलेलं असायचं. मी उसावर बसून हे बघायची. तेव्हा हरण्या आणि चांद्या होते. असो.

जहाज अठरा तारखेला, रविवारी सकाळी जयगडला लागेल. तुमचा वारणाकाठचा तळ तिथून किती लांब आहे ठाऊक आहे? मी मोजलं आहे. फार नाही. आणखी एक, त्या जहाजावर आपल्याच तालुक्यातला एक पोरगा खलाशी आहे. बरं वाटतं ना, आपल्याकडचं कुणी तिथं आहे म्हटल्यावर.

पाठ फार दुखत असेल तर दोन दिवस मोळ्या वाहू नका. ऐकणार नाही, तरी लिहिते.

आपली
जयमाला


सावेडी
बुधवार, १४ जानेवारी २०२६, सकाळ

तीर्थरूप अण्णा,

साष्टांग नमस्कार आणि तिळगूळ. आईचा फोन आला होता. पत्र तुम्ही दोनदा वाचलंत आणि "मंग म्होरं काय झालं जहाजाचं?" असं तिला विचारलंत म्हणे. तिला कुठून ठाऊक असणार? पण तुम्ही विचारलंत हे ऐकून मी रोहिणीला खुर्चीसकट गदागदा हलवलं. डबेही पोचले, दोन्ही. आभारी आहे.

तर म्होरं काय झालं ते लिहिते. कल्याण अकराला निघणार आहे, त्याच्या आत हे उरकायचं आहे.

श्रीलंकेच्या खाली रत्नप्रभाला समोरून वारा लागला. दोन दिवस. परवाच्या दुपारच्या निरोपात वेग घटलेला, कालच्या निरोपात आणखी घटलेला. मी हिशेब केला, तर जहाज रविवारी दुपारी साडेबाराला पोचणार. आणि साडेबाराला पोचून काही उपयोग नाही.

ते असं. जहाज इतकं भरलेलं आहे की जयगडला आत शिरताना त्याला भरतीचं पाणी लागतं, तेही उधाणाचं. समुद्राला अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं. रविवारी अमावस्या आहे. सकाळी अकराच्या सुमारास भरती, म्हणजे नऊ वाजता जहाज बंदराच्या तोंडाशी हवं. ती गाठ चुकली तर रात्रीच्या भरतीला आत घेत नाहीत, गोष्ट सोमवारवर गेली. तुम्ही अमावस्येला कोयता हातात धरत नाही, तुमच्यामुळं टोळीही धरत नाही, मग मुकादम कितीही बोंबलो. बैलांना त्या दिवशी जुंपायचं नसतं म्हणून तुम्ही हे सुरू केलं होतं, आता बैल नाहीत तरी पाळता. तुमच्या सुट्टीच्या दिवशीच समुद्राला जास्त काम असतं, हे मला नकाशा शिकताना कळलं आणि गंमत वाटली.

सोमवारी जहाज आत गेलं असतं तर कंपनीचं फारसं बिघडत नव्हतं. बिघडत होतं ते माझं. मला साडेतीन तास हवे होते.

वाटेत समुद्राखाली एक उथळ टेकाड आहे, माझी मूळ रेघ त्याला लांबून वळसा घालून जाते. टेकाडावरून सरळ नेली तर तेवढे तास वाचत होते. मी नेली. रेघ आखली की मशीन ती तपासतं आणि धोक्याची जागा लाल करून दाखवतं. टेकाडावर लाल झालं. आता किती खोल पाणी आपल्याला सुरक्षित, तो आकडा आपणच मशीनला द्यायचा असतो. मी तो कमी केला. लाल गेलं. समुद्रात पाणी होतं तेवढंच होतं, फक्त मशीन बोलायचं थांबलं. मला इतका आनंद झाला, अण्णा, की हात 'पाठवा'वर गेलासुद्धा.

रोहिणीनं सहज विचारलं, "जमलं का गं?" आणि मला "हो" म्हणता येईना. उठले आणि स्क्रीन तशीच ठेवून साहेबांना बोलावून आणलं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आकड्याकडं बघत म्हणाले, "आमच्या गावात एक म्हातारा होता. लंगडा बैल विकायचा असला की बाजारात सूर्य मावळताना न्यायचा. म्हणायचा, अंधारात लंगडणं दिसत न्हाई. घेणाऱ्याला न्हाई दिसलं, पण बैल तर लंगडाच राहिला ना?" त्यांनी बैलाचं उदाहरण सहज दिलं, त्यांना काय ठाऊक. चोराच्या मनात चांदणं.

मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आता घाई सोड आणि नीट बघ. वेळ आणखी कुठं मिळतो?" मी बघत बसले. आणि सापडलं. या दिवसांत आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या बाजूनं समुद्राच्या पाण्याला उत्तरेकडं ओढ असते. माझी रेघ फार बाहेरून होती. थोडी किनाऱ्याकडं सरकवली, खोल पाण्यातच ठेवली, तर पाणीच जहाजाला ढकलणार. तिकडं मासेमारीच्या होड्या जास्त, म्हणून डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवा असं ठळक लिहिलं. आकडा पुन्हा होता तिथं नेला. सगळं तपासलं, कुठंही लाल नाही. काल संध्याकाळी पाठवलं, आज सकाळी जहाजाच्या कॅप्टनचा होकार आला. त्यांनी "चांगली सूचना" असं लिहिलं आहे. मी ते छापून घेतलं आहे.

आता तुम्ही विचाराल, हिला रविवारच का हवा होता. आपल्या तालुक्यातला खलाशी म्हणून ज्याचं लिहिलं तो वैजनाथ आहे, तुमचा मुलगा.

पत्र खाली ठेवू नका. त्याचं नाव फोनवर निघालं की फोन बंद होतो, म्हणून तर हा सगळा खटाटोप. त्याची नोकरीची मुदत जयगडला संपते, तो तिथंच उतरणार. दर वेळी उतरला की तो नवी मुंबईत मित्रांच्या खोलीवर जातो, कारण तुम्ही त्याला उंबरा बंद केला आहे. मी दर वेळी त्याला भेटायला जाते आणि तुम्हाला ऑफिसचं काम म्हणून सांगते. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो त्याच्याबरोबर, वाशीच्या पुलावरून. ही नोकरीसुद्धा त्यानंच सुचवली; औटीसाहेब त्याच्याच कंपनीत होते.

रविवारी तुम्ही मोकळे आहात. तो चारच्या सुमारास बंदराच्या गेटातून बाहेर पडेल. तुम्ही त्या गेटावर उभे असावं, एवढंच मला हवं आहे. कल्याण खालून हॉर्न वाजवतो आहे.

जयमाला


सावेडी
शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

तीर्थरूप अण्णा,

नमस्कार करते आणि लगेच मुद्द्यावर येते, नाहीतर पुन्हा डब्यांवर आणि थंडीवर जाईन.

आधी जहाज. पाण्यानं साथ दिली. कालच्या दुपारच्या निरोपात वेग वाढलेला, आजच्या निरोपात त्याहून जास्त. रविवारी पावणेनऊ. साहेबांनी सगळ्यांसमोर ठिपक्यावर बोट ठेवून सांगितलं, "ही जयमालाची रेघ." पेढे मागवले. मी दोन खाल्ले आणि तिसरा हातात असताना आईचा फोन आला.

ती म्हणाली, "त्यांनी कागद वाचला, घडी केली, मुंडाशात खोवला न् मोळ्या उचलाया गेले. म्या म्हनलं, जानार का? तर म्हनले, ज्यानं माजे बैल इकले त्याच्या वाटंला म्या जानार न्हाई."

पेढा मी रोहिणीला दिला.

अण्णा, बैल वैजनाथनं विकले नाहीत. मी विकले.

हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. आता उरलेलं पटपट लिहिते. तुम्ही आणि आई मामाच्या गावी लग्नाला गेला होता. वैजनाथला खलाशाच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता आणि पैसे भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. बैलांचं मी सुचवलं. तो म्हणाला, "बैलाला हात लावायचा न्हाई. म्या जात न्हाई कोर्सला, झालं." माझं त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणाले, तुझ्या नशिबी पण मोळ्याच वाहायच्यात का? तो रागावून शेतात निघून गेला. मी टेम्पो बोलावला. दावं मी सोडलं. घोडेगावच्या बाजारात मी उभी राहिले. तिथं बैल विकायला बाई आली म्हणून लोक बघत होते, मी पदर डोक्यावर घेतला आणि त्यांच्याकडं न बघता उभी राहिले. ज्यानं घेतले त्याचं तोंडसुद्धा मला आठवत नाही. चांद्यानं गाडीत चढताना मागं वळून बघितलं, ते आठवतं.

तुम्ही परत आलात तेव्हा रिकाम्या दावणीसमोर उभे राहिलात. मी बोलणार होते, असं मी स्वतःला सहा वर्षं सांगत आले. खोटं आहे. मी तोंड उघडलंच नव्हतं. वैजनाथ पुढं झाला आणि म्हणाला, "अण्णा, म्या इकले." तो जाणारच आहे, त्याला सोसेल, असं मला वाटलं आणि मी गप्प बसले. तुम्ही त्याला म्हणालात, या उंबऱ्यात पुन्हा पाय टाकू नको. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, मी त्याच्याकडं बघेन आणि रडेन म्हणून.

त्या वर्षापासून तुमची गाडी गेली. पहिल्या गाडीचा गाडीवान होता तो ट्रॅक्टरच्या टोळीत डोक्यावर मोळ्या वाहणारा झाला. ते मी केलं. तुमची पाठ दुखते असं आई सांगते तेव्हा मी पांघरूण पाठवते, चटणी पाठवते, आणि हे एवढंच पाठवत नव्हते. मंगळवारी मशीनमधला आकडा कमी करून लाल घालवलं, तेव्हा मला कळलं की हे मला सवयीचं आहे.

राग माझ्यावर काढा. घरात घेऊ नका, बोलू नका, मी इथं खोली करून राहीन, मला पगार आहे. पण रविवारी जा. त्याला मी काही कळवलेलं नाही. तो कुणाला शोधत बाहेर येणार नाही, सरळ गाडीत बसेल आणि रत्नागिरी स्टेशनला जाईल. तुम्हीच त्याला हाक मारायची.

कसं जायचं ते आखून देते. तळावर पहाटे पाचला डेअरीची दुधाची गाडी येते, ती बांबवड्याला सोडेल. तिथून कोल्हापूरहून येणारी रत्नागिरीची एसटी मिळेल, सातच्या आसपास. मलकापूर, मग आंबा घाट. जहाजाच्या वाटेवर आम्ही एक जागा ठरवून ठेवतो, तिच्या पुढं गेलं की परत फिरायला जागा नसते, फक्त पुढं जायचं. तुमच्यासाठी ती घाटाच्या माथ्याशी आहे. मन फिरलं तर घाट उतरायच्या आधी फिरू द्या, उतरल्यावर नाही. साखरप्याला गाडी थांबते, तिथं चहाला उतरू नका, तुम्ही गप्पांत रंगता आणि गाडी सुटते. रत्नागिरीला उतरून जयगडची गाडी विचारा, दीड तास. सोबत भाकरी आणि पाणी घ्या. दोनपर्यंत पोचाल, म्हणजे दोन तास हाताशी राहतात. वाट आखताना असे थोडे तास मोकळे ठेवावे लागतात.

माझ्यासाठी जाऊ नका. मी तो हक्क घालवला आहे.

तुमचे बैल विकणारी,
जयमाला


जयगड, बंदराच्या गेटासमोर
पौष अमावस्या, दुपारचे तीन

चि. जयमाला हिला अण्णाचा आशीर्वाद.

म्या पोचलो. टपरीवाल्याकडनं कागद न् पेन घेतलंय, उद्या टपालात टाकीन. तुज्या लिवन्यापरमानंच आलो, फकस्त साखरप्याला च्या पिलो. डायव्हरच उतरला, मंग म्या एकटा गाडीत बसून काय करू. बाकी तुजा येळ बराबर हाय. पावनेदोनला हितं हुतो.

समुद्र पायला. लई मोठा हाय. जहाजबी दिसतंय हितनं. गेटावरच्या शिपायाला म्हनलं, ह्ये जहाज कुनी आनलं ठाव हाय का, माज्या पोरीनं, नगरात बसून. त्यो हसला. हसू दे. टपरीवाल्याला सांगितलं, त्यानं च्याचे पैसे घेतले न्हाईत.

आता बैलाचं. तुजा तिसरा कागद काल वाचला. त्यात मला नवं काय न्हवतं.

लग्नाहून आलो त्या दिशीच उमगलं हुतं. चांद्या वैजनाथला कासऱ्याला हात लावू देत न्हवता, दोनदा शिंगावर घेतलेलं पोराला. ते पोरगं दोन बैल टेंपोत चढवील व्हय? ते तुज्याच मागनं जात हुते. गाडीवानाला कळतंय एवढं.

मंग बोललो का न्हाई, आसं तुला वाटंल. वैजनाथ म्हनला, म्या इकले. त्यो तसाबी जानार हुता. तुला बोललो असतो तर तूबी गेली असतीस, तुजा सोभाव मला म्हायती हाय. मंग घरात कोन ऱ्हातं? म्हनून त्याचं खोटं म्या खरं धरलं न् त्याला दार लावलं. वाटायचं, आज बोलंल पोरगी, उद्या बोलंल. तू बोलली न्हाईस, म्या इचारलं न्हाई. फोनवर तुजा आवाज आला की वाटायचं आता इचारावं, न् भ्या वाटायचं, म्हनून ठिवत हुतो. तू मशिनीतल्या आकड्याचं येवढं मनाला लावून घेतलंस. माजं काय येगळं हुतं.

तुज्या आईपाशी म्या मुद्दाम तसं म्हनलं, बैल इकनाऱ्याच्या वाटंला जानार न्हाई म्हनून. म्हनलं, बघू आता तरी बोलती का. बोललीस. बरं केलंस. न्हाई बोलली असतीस तरी निघालोच असतो, दूधवाल्याला म्या गुरवारीच सांगून ठिवलं हुतं. खोली करून ऱ्हायाची भाषा पुन्यांदा लिवू नगं.

बैल गेले त्याचं वाईट वाटलं, लई वाटलं. पर बैलापायी पोराला सहा वर्सं भाईर ठिवला त्ये म्या केलं, तू न्हाई. पोराची माफी बापानं कशी मागायची त्ये आमच्यात कुनी शिकवलं न्हाई. तासभर झाला त्येच घोकतोय. काय सुचलं न्हाई तर म्हनीन, चल, भाकरी आनलीय, खा. तुज्या आईनं दोगापुरती बांधून दिलीय.

आता गेटातनं मान्सं सुटाया लागल्यात. गेला तवा त्याला मिसरूड फुटत हुतं, आता वळखू येतो का बघतो. कागद खिशात घालतो.

तुजा बाप,
न् वैजनाथचाबी,
गहिनीनाथ